बॅकअप आहे म्हणता, पण तो राहतो कुठे?

कांजूरमार्गला एलबीएस मार्गालगत एखादा गाळा भाड्याने घेऊन सीएनसी जॉबवर्क सुरू करायचंय? मशीनचा हप्ता, डिपॉझिट, वीजबिल, सगळ्याचं गणित तुम्ही मांडलेलं असतं. मशीन ज्याच्यावर चालतं तो प्रोग्राम मात्र असतो काही केबींची साधी टेक्स्ट फाइल. तिचा बॅकअप कुठे जातो विचारलं की उत्तर येतं, "कॉम्प्युटरमध्ये असेलच की."

हे उत्तर धंद्यात चालत नाही.

बरेच जण हे प्रोग्राम नोटपॅड प्लस प्लसमध्ये दुरुस्त करतात. फुकट आहे, हलकं आहे. सेव्ह न केलेला मजकूर ते दर 7 सेकंदांनी आपोआप जपून ठेवतं. 12 ऑक्टोबर 2020 ला भर सकाळी मुंबईची वीज गेली होती ना, तशा वेळी हे उपयोगी पडतं. पण ती प्रत जाते सी ड्राइव्हमधल्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, आणि तुम्ही फाइल सेव्ह केलीत की ती राहत नाही. गेल्या महिन्यात पार्टीने पास केलेला प्रोग्राम तिथे शोधू नका.

त्यासाठी सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेस उघडा, तिथे बॅकअपवर जा. 'बॅकअप ऑन सेव्ह' मुळात बंद असतं. 'सिंपल' निवडलंत तर मागची एकच प्रत राहते, तीही मूळ फाइलच्या शेजारी. मला हे अजिबात पसंत नाही. घाईत ऑपरेटर पेनड्राइव्हवर अख्खं फोल्डर ओढतो, जुना प्रोग्राम मशीनवर चढतो आणि जॉब रिजेक्ट. मटेरियल पार्टीचं असेल तर डेबिट नोट आलीच म्हणून समजा! त्यापेक्षा 'व्हर्बोज' निवडा. प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची फाइल तारीख-वेळेसकट वेगळी राहते. तिथेच 'कस्टम बॅकअप डिरेक्टरी' आहे, त्यात गूगल ड्राइव्हचं कॉम्प्युटरवरचं फोल्डर द्या. फुकटच्या 15 जीबीत असल्या फाइली वर्षानुवर्षं मावतील.

"आम्ही डी ड्राइव्हवर ठेवतो," असं काही जण सांगतात. अहो, बहुतेक वेळा सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्याच्या गाळ्यात पाणी शिरलं तर ते कप्पा बघून शिरत नाही.

पार्टीने ड्रॉइंग बाहेर जाऊ न देण्याची अट घातली असेल तर मात्र गूगल ड्राइव्ह नको. मग पासवर्ड लावलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क ठेवा, आणि संध्याकाळी शटर ओढताना ती गाळ्यात सोडू नका.