पोटमाळ्यावरची वायर

मुलांनो, तुमच्याही घरी असं होतं का? पुढच्या खोलीत वाय-फाय कसं झटपट चालतं, आणि मागच्या खोलीत पाऊल टाकलं की पडद्यावर नुसता गोल फिरत बसतो!

आमच्या वाईच्या घरी हेच व्हायचं. घर जुनं, भिंती दगड-मातीच्या, हातभरापेक्षा जाड. इंटरनेटची वायर येते ओसरीत आणि माझी पुतणी अभ्यासाला बसते सगळ्यांत मागच्या खोलीत. ती दहावीला आहे. संध्याकाळी सातला तिचा गणिताचा ऑनलाइन तास असतो. प्रमेय रंगात आलं की नेमका सरांचा आवाज तुटायचा. मग ती वही घेऊन ओसरीत यायची. तिथं टीव्ही, पाहुणे, रस्त्यावरच्या गाड्या! एकदा म्हणाली, "काकू, मी हा तास सोडूनच देते." तेव्हा मात्र मी मनावर घेतलं.

वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच, बरं का! २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी असते साधारण साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्‌झची साधारण सहा. मोजपट्टीवर बघा पाहू. दुसरी लहर माहिती भराभर नेते, पण जाड भिंतीपुढे लवकर दमते.

मी तीन डब्यांचा मेश संच आणला. मेश म्हणजे जाळं. डब्या तीन, पण वाय-फायचं नाव एकच, पासवर्ड एकच. आपण घरात फिरलो की फोन आपला आपण जवळची डबी धरतो. मुख्य डबी ओसरीत, दुसरी माजघरात आणि तिसरी थेट पुतणीच्या टेबलावर ठेवली. फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या! मी खूश. पण सातला सर पुन्हा अडखळले.

असं का झालं? त्या रेघा सांगतात फक्त फोन आणि जवळची डबी यांची गोष्ट. त्या डबीला मागून किती मिळतंय, हे त्या सांगत नाहीत. विहिरीपासून तीन जण रांगेत उभे राहून बादल्या पोचवताहेत, असं समजा. मधल्याला बादली घ्यायलाही तेच हात आणि द्यायलाही तेच. घेताना देता येत नाही, म्हणून निम्मा वेळ फुकट. माझ्या डब्यांचं तेच चाललं होतं. महाग संचात आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो. पण भिंत त्यालाही सोडत नाही.

डबीपासून डबीपर्यंतच्या या वाटेला 'बॅकहॉल' म्हणतात. ती वाटच वायरीची करायची! पण सासूबाईंनी भिंतींना भोकं पाडायला साफ नकार दिला. मग वायरमनदादांनी पोटमाळ्यावरून दोन वायरी नेल्या, त्याही पाइपातून. उंदरांचा काय भरवसा? (माळ्यावर चढणं, ड्रिल चालवणं ही मोठ्यांची कामं. तुम्ही खालून बॅटरी धरा.)

वायर घ्यायची कॅट ६, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ असतो, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि वजा होतो. तरी लाइटच्या वायरीपासून ती दूरच ठेवा. एक वायर १०० मीटरपर्यंत चालते. मुख्य डबीला भोकं कमी पडली, तर एक छोटा स्विच लावा.

आमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. आधी मागच्या खोलीत १८ मिळायचे. वायर जोडली तर ९४! सगळे टाळ्या पिटायला लागले, पण पुतणी म्हणाली, "निम्मेच कसे?" अगदी बरोबर. एक प्लग मी स्वतः बसवला होता, त्यात तपकिरी तार पुरती आत गेलीच नव्हती. आठांपैकी चारच तारा धड असल्या तरी वायर चालते, पण १०० च्या आतच. प्लग कापून नवा बसवला आणि २०० पुरे आले.

आता सातला मागच्या खोलीचं दार लोटलेलं असतं. सासूबाई मात्र अजून विचारतात, "बिनवायरीचं आणलंस ना गं? मग माळ्यावर वायर कशाला?"