नाताळची सुटी आणि रिकामा वेळ

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आपल्या शाळेत अभ्यासापेक्षा सुटीचीच चर्चा अधिक होते, आणि ती होणे स्वाभाविक आहे. आपल्या राज्यात शाळांच्या मोठ्या सुट्या दोन, दसऱ्याची आणि उन्हाळ्याची. नाताळात काही शाळांना आठवडाभर मोकळीक मिळते, तर काहींच्या वाट्याला 25 डिसेंबरचा एकच दिवस येतो. धारवाडच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला मात्र या दिवसांत हिवाळी सुटी असते. न्यायाधीशांना विश्रांती लागते हे सर्वांना मान्य आहे. बारा वर्षांच्या मुलालाही ती लागते, हे पालकांच्या गळी उतरविणे कठीण होऊन बसले आहे. सुटी जाहीर होण्याचा अवकाश, की तिच्यात गणिताची शिकवणी, चित्रकलेचा वर्ग आणि कसलेसे शिबिर ठासून भरले जाते. मग उरतो तो वेळ मूल भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे घालविते आणि आपण त्याला दोष देतो.

शाळा या अर्थाचा जो इंग्रजी शब्द, त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ ‘फुरसत’ असा होतो. आपल्या पूर्वजांनीही अध्ययनाइतकाच अनध्यायाचा विचार केला होता. अष्टमी-चतुर्दशीला अनध्याय असे आणि घरी थोर पाहुणा आला तरीही असे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील चौथा अंक संस्कृतच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठ, अरुंधती, कौसल्या आणि जनक येतात, म्हणून बटूंना सुटी मिळते आणि ते खेळताना गलका करतात. त्या गलक्यातील एका मुलाकडे कौसल्येचे लक्ष जाते, आणि तिला त्याच्यात रामाची छबी दिसते. तो लव असतो. आजी आणि नातू यांची पहिली भेट घडली ती अनध्यायामुळे! त्या दिवशी आश्रमात जादा तास घेतला गेला असता, तर नाटकाचे काय झाले असते कोण जाणे.

आपल्या गावाला नाताळ परका नाही. बासेल मिशनची माणसे 1837 मध्ये धारवाडात आली, आणि हुबळीच्या रेल्वे कारखान्यामुळे पुढे नाना प्रांतांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. ‘नाताळ’ हा शब्दही आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांकडून, पाव आणि चावी यांच्या जोडीने. आमच्यासारख्या कोकणी बोलणाऱ्या घरांत, मग ती हिंदू असोत की ख्रिस्ती, हा सण म्हणजे मुख्यतः गाडीचे तिकीट. हुबळीहून लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करीत खाली गोव्यात उतरायचे, अथवा तिकडच्या आप्तांनी घाट चढून वर यायचे. हुबळीचा फलाट 1507 मीटर लांबीचा असून 2023 मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा तो जगातील सर्वांत लांब म्हणून गाजला. परंतु नाताळच्या आदल्या दिवशी तोही अपुरा वाटतो.

ही गाडी एकेकाळी बंद होती, हे तरुण वाचकांना ठाऊक नसेल. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना 1955 मध्ये भारत सरकारने नाकेबंदी केली आणि रेल्वेची ये-जा थांबली. घाटाच्या वर राहणारी बहीण आणि खाली राहणारा भाऊ यांच्यामध्ये सरहद्द उभी राहिली. 1955 ते 1960 असे सहा नाताळ, आणि त्या काळातल्या गणेशचतुर्थीही, कित्येक कुटुंबांना विभागून कराव्या लागल्या. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि सहाव्या दिवशी नाताळ आला. एकत्र बसून जेवणे ही गोष्ट किती मोलाची, हे त्या पिढीला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आज घाटात कोणाचाही पहारा नाही. अडवितो तो शिकवणीचा तास.

या भेटीगाठींत जे घडते ते वरवर पाहता क्षुल्लक असते. कोणी नेवऱ्यांची कड मुरडीत बसते, कोणी दोदोल घोटते, कोणी पत्ते पिसते, आणि म्हातारी माणसे तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतात. पण आमच्या मुलांची स्थिती पाहा. रस्त्यावर कन्नड, शाळेत मराठी, पुस्तकांत आणि पडद्यावर इंग्रजी. कोकणीला 1992 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले हे खरे. तथापि अनुसूचीतून भाषा मुलाच्या तोंडी येत नाही. भाताला ‘शीत’ म्हणतात, माशांच्या आमटीला ‘हुमण’, आणि आपल्याला सगळ्यांना मिळून ‘भुरगीं’, हे त्याला कळते ते आजीच्या पंक्तीला बसल्यावर. ज्या भाषेची आमच्या पेठेत शाळा नाही, तिची शाळा म्हणजे हे आठ दिवस. तुमच्या घरची भाषा कोंकणी नसून मराठी, कन्नड वा उर्दू असेल, तरी आजोळची म्हणून जी वेगळी बोली असते, तिलाही हेच लागू आहे. तासाभराच्या धावत्या भेटीत असे शब्द निघत नाहीत. त्यांना रेंगाळणारी दुपार लागते.

येथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. घरात वीस माणसे जमली की फुरसत कोणाला मिळते? पुरुष ओसरीवर गप्पा मारतात, मुले अंगणात हुंदडतात, आणि आई, काकू, मावशी चुलीपाशी उभ्या! पहाटेच्या चहापासून रात्रीच्या खरकट्यापर्यंत त्यांची सुटी सुरूच होत नाही. या व्यवस्थेला कौटुंबिक आनंद म्हणणे ही ढोंगबाजी आहे, मग तो सण कोणाचाही असो. पुष्कळ सुशिक्षित स्त्रिया आता अशा मेळाव्यांना नाखूष असतात आणि सहल परवडली म्हणतात, ते मला मुळीच गैर वाटत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच, की या आठवड्यात शिकवणी लावू नये. दहावीच्या मुलांनाही चार दिवसांनी काही बिघडत नाही. शिक्षकबंधूंनी गृहपाठ आवरता घ्यावा. मी माझ्या वर्गाला तो दिलेला नाही. आणि आठवीपासून पुढच्या मुलग्यांनो, तुमच्यासाठी एक निराळे काम आहे. पंगत उठली की ताटे उचलून मोरीपाशी न्या, ती घासा, आणि आजीला अंगणातल्या खुर्चीवर बसवून तिला जे सांगायचे असेल ते सांगू द्या. जानेवारीत वर्ग भरला की तिच्याकडून ऐकलेला एक नवा शब्द प्रत्येकाने फळ्यावर लिहावा. तो कोणत्या भाषेतला आहे, हे मी विचारणार नाही.