ओटीपी म्हणजे संमती नव्हे

गेल्या पावसाळ्यात घाटकोपर पूर्वेच्या आमच्या इमारतीत इंटरनेटची जुनी तार जाऊन नवी फायबरची तार आली. ती जोडायला आलेला मुलगा घाईत होता. त्याला पंतनगरात आणखी चार घरे करायची होती. "सर, ओटीपी आला असेल, तेवढा सांगा." आम्ही सांगितला. आम्ही दोघेही, पती आणि पत्नी, मराठीचे अध्यापक. शब्दाचा अर्थ लागल्यावाचून पुढच्या ओळीवर जाऊ नका, असे वर्गात बजावत आमची पंधरा-वीस वर्षे गेली. ते सहा आकडे उच्चारून आपण कशाकशाला होकार दिला, हे मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी शोधत बसलो. अटींचा मजकूर इंग्रजीत, बारीक टंकात होता. आमच्या वापराची माहिती 'सेवा सुधारण्यासाठी' वापरली जाईल आणि 'सहयोगी संस्थांना' दिली जाईल, असे त्यात एक वाक्य होते. सहयोगी कोण, याचा उल्लेख नव्हता.

याला संमती म्हणण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, एखादे संकेतस्थळही आपल्यावर पाळत ठेवतेच, मग पुरवठादारावरच राग का? फरक साधा आहे. नको असलेल्या संकेतस्थळावर जाणे टाळता येते. तारेला मात्र बगल देता येत नाही. आंतरजालावरचे प्रत्येक पाऊल तिच्यावरूनच पडते आणि तिचे भाडेही आपणच भरतो. दुकानदाराने गिऱ्हाईक न्याहाळणे वेगळे आणि पोस्टमनने टपाल फोडणे वेगळे.

आता बहुतेक संकेतस्थळे मजकूर कुलूपबंद करून पाठवतात, तेव्हा पुरवठादाराला काही दिसत नाही, असेही सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. पाकीट बंद असते, पण त्यावरचा पत्ता बहुधा उघडाच राहतो. कोणत्या संकेतस्थळाचे नाव कोणत्या घरातून, रात्री किती वाजता आणि किती वेळा मागितले गेले, हे पुरवठादाराला दिसू शकते. व्यसनमुक्ती केंद्र, क्षयरोगाचे रुग्णालय, घटस्फोटाची कामे घेणारा वकील, कर्ज देणारी कंपनी: यांतले पत्र न वाचता केवळ पत्त्यांची यादी चाळली तरी त्या घरात काय चालले आहे, ते शेजाऱ्यांआधी परक्याला कळेल. "आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" असे स्टाफरूममध्ये म्हणणाऱ्या सहकाऱ्यांनी ही यादी स्वतःच्या घरापुरती मनात करून पाहावी. चाळीत दिवसभर दारे उघडी असत. म्हणून कोणी कोणाची पत्रे वाचत नसे.

हा कल्पनाविलास नव्हे. २०१५च्या जूनमध्ये बंगळूरच्या एका प्रोग्रॅमरला आढळले की, एअरटेलच्या थ्रीजी जोडणीवरून पाहिलेल्या पानांत त्या पानांच्या लेखकाने न लिहिलेला कोड मध्येच घुसवला जात आहे. त्याने तो उघड केला. त्यावर फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीच्या वतीने त्यालाच कायदेशीर नोटीस आली, कोड प्रसिद्ध केल्याबद्दल! ग्राहकांना आपला डेटावापर कळावा म्हणून केलेला हा प्रयोग आहे आणि नोटिशीशी आपला संबंध नाही, असा खुलासा एअरटेलने केला. तो खुलासा खरा धरला, तरी ग्राहकाच्या भल्यासाठी केलेला प्रयोग ग्राहकाला न सांगता का करावा लागतो, हा प्रश्न उरतोच. अर्थात हा रोग देशी नाही. ब्रिटनमध्ये बीटीने २००६ आणि २००७ साली फॉर्म या कंपनीच्या साहाय्याने हजारो ग्राहकांवर असेच गुपचूप प्रयोग केले होते. अमेरिकेत व्हेरायझनने ग्राहकांच्या मोबाइल वाहतुकीला पुसता न येणारी ओळखखूण चिकटवली. २०१६ साली तिला साडेतेरा लाख डॉलरचा दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपनीला तो किती जाणवला असेल, ते सांगायला नको.

आपल्याकडे सरकारचा वाटा निराळा. २०२१च्या डिसेंबरमधील परवान्यातील दुरुस्तीनुसार जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवणे पुरवठादारांना बंधनकारक झाले. कारण सुरक्षेचे आहे, आणि ते पूर्णतः खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण कोठार एकदा भरले की किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे विचारण्याचा अधिकार ज्याचे धान्य त्याला हवा.

संमती या शब्दावरून महाराष्ट्राने पूर्वी मोठे रण माजवले आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला आणि आगरकरांनी त्याची बाजू घेतली. विषय अर्थातच कितीतरी गंभीर होता आणि तुलना आम्ही तेवढ्यापुरतीच करतो. ज्याला गोष्ट कळलेली नाही, त्याच्या होकाराला होकार म्हणायचे का, हा प्रश्न त्या कायद्याच्या मुळाशी होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तो ओटीपीच्या रूपाने दारात उभा आहे.

गंमत अशी की, २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा या बाबतीत आपल्या बाजूने बोलतो. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी, असे तो म्हणतो; ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असेही म्हणतो. शिवाय संमतीची मागणी इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. त्या अनुसूचीत मराठी आहे. (याच कायद्याने सरकारी यंत्रणांना भरघोस सूट दिली आहे, हे विसरू नये.) नियम यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना आणखी अठरा महिने मिळाले. तरतूद कागदावर असणे आणि पंतनगरात पोहोचणे यांत बरेच अंतर आहे. आणि मराठीत म्हणजे कशा मराठीत? यंत्राकडून उतरवून घेतलेल्या, कर्त्याला क्रियापद न सापडणाऱ्या मराठीत सूचना आली, तर ती इंग्रजीपेक्षाही घातक. कारण तेव्हा 'तुमच्या भाषेत सांगितले होते' असे म्हणायला कंपनी मोकळी.

आम्ही आमच्या पुरवठादाराला मराठीत पत्र लिहिले. आमच्या घरातून मागितलेल्या पत्त्यांची नोंद तुम्ही किती काळ ठेवता, ती कोणाला देता, आणि देऊ नका म्हणायचे तर कोठे सही करायची, एवढेच विचारले. नवव्या दिवशी उत्तर आले, इंग्रजीत. आमची तक्रार 'वेग' या सदरात नोंदवून निकाली काढली होती आणि सेवेला पाचपैकी किती तारे देता, असे विचारले होते. पत्र आम्ही पुन्हा पाठवले आहे.