गळ्याची सूज, सोनोग्राफी आणि कर्करोगाची धास्ती

शाळकरी मुलीच्या गळ्याला सूज दिसावी, रक्ततपासणीत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे आढळावीत आणि 'हाशिमोटो' हे अपरिचित नाव घरात शिरावे, असे प्रसंग आता शहरांपुरते राहिलेले नाहीत. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर, म्हणजे थायरॉइडवर उलटते, असे त्याचे स्वरूप. मुलांपेक्षा मुलींमध्ये तो कितीतरी अधिक आढळतो. रोजची एक गोळी आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी एवढ्यावर बहुतेकांचे निभावते; काहींना गोळीही लागत नाही. पेच आहे तो पुढचा. अशा मुलांना थायरॉइडच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो काय, आणि असल्यास त्यांच्या गळ्याची दर वर्षी सोनोग्राफी करावी काय?

या वादात इटलीतील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वारंवार पुढे केला जातो. हाशिमोटो असलेल्या ३६५ मुलांपैकी ११५ जणांत गाठी आढळल्या आणि ११ जणांत पॅपिलरी प्रकारचा कर्करोग निघाला. शंभरांत तीन हा आकडा कोणत्याही पालकाची झोप उडवणारा आहे. तथापि ही मुले विशेषोपचार केंद्रांत आलेली होती. गावोगावच्या सर्व रुग्ण मुलांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षांतही हाच दोष राहतो. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्याबाबत संशय आधीपासूनच होता. शिवाय ११५ पैकी १०४ मुलांच्या गाठी कर्करोगाच्या नव्हत्या, ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

मुळात हाशिमोटोने ग्रासलेली ग्रंथी सोनोग्राफीत डागाळलेली, खडबडीत दिसते. गाठ नसतानाही गाठीचा भास होतो. आजूबाजूच्या लसिकाग्रंथीही थोड्याफार वाढलेल्या असतात. अहवालात एक संदिग्ध शब्द आला, की पुढे सुईने पेशी काढणे, पुन्हा सोनोग्राफी आणि प्रसंगी शस्त्रक्रिया हे ओघाने आलेच. मुलांमध्ये कर्करोग ठरल्यास बहुधा संपूर्ण ग्रंथी काढावी लागते. त्यानंतर जन्मभर गोळ्या, आणि आवाजाची नस वा कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या लगतच्या ग्रंथी दुखावण्याची जोखीम.

शोधत गेले की सापडत जाते, याचा अनुभव जगाने घेतला आहे. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोग तपासणी मोहिमेबरोबर प्रौढांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये तेथील थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास होते तेवढेच राहिले. फुकुशिमा येथील २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर सुमारे तीन लाख मुलांच्या गळ्याची तपासणी झाली व अपेक्षेपेक्षा बरेच कर्करोग हाती लागले. अतिसूक्ष्म तपासणी हेच त्याचे कारण असावे, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने पुढे काढला. चेर्नोबिलची गोष्ट अर्थातच निराळी. तेथे मुलांमधील वाढ खरी होती.

म्हणून सोनोग्राफी नकोच, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. मुलांमध्ये गाठी कमी आढळतात, पण आढळलेली गाठ कर्करोगाची निघण्याची शक्यता प्रौढांपेक्षा अधिक असते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या शिफारशींत हे प्रमाण २२ ते २६ टक्के दिले आहे. प्रौढांत ते ५ ते १० टक्के. त्याच शिफारशींचा रोख असा, की हाताला संशयास्पद गाठ लागली, ग्रंथीची एक बाजू लक्षणीय मोठी असली किंवा मानेतील लसिकाग्रंथी वाढल्या असतील, तर सोनोग्राफी करावी. केवळ प्रतिपिंडे आढळली, एवढे कारण पुरेसे नाही. हा मध्यममार्ग सयुक्तिक आहे. मात्र तो चाचपणाऱ्या बोटांच्या कौशल्यावर उभा आहे.

नेमका येथेच मोरगावसारख्या गावाचा प्रश्न उभा राहतो. अष्टविनायकांतील पहिले स्थान म्हणून शहरी वाचकाला ठाऊक असलेले हे कऱ्हाकाठचे गाव बारामती तालुक्यात येते. अशा गावातील मुलांच्या गळ्याला पहिला हात लागतो तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचा. २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या या कार्यक्रमात गलगंडाचा समावेश आहे, पण पथक शाळेत येते वर्षातून एकदा आणि तेही सरकारी व अनुदानित शाळांत. सोनोग्राफीचे यंत्र उचलून गावात नेणे सोपे नाही. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे गळा तपासायचा असला तरी यंत्राची नोंदणी आणि जागेचे बंधन सुटत नाही. मुलींच्या जिवासाठी ही कडक शिस्त आवश्यकच होती. पण त्यामुळे पालकांना बारामती किंवा पुणे गाठावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते. विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असल्याने दर वर्षीच्या अशा तपासणीचा भार बहुधा घरावरच पडतो.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दर वर्षी सरसकट यंत्राखाली मुले नेण्यापेक्षा तेथील बालरोग विभागाने शाळा तपासणी पथकांना गळा चाचपण्याचे प्रशिक्षण देणे कमी खर्चाचे आणि अधिक उपयोगाचे ठरेल. संशयित मुलाची चिठ्ठी थेट तेथे पोहोचली आणि टीएसएचची नोंद मुलाबरोबर पुढे गेली, तर निम्मे काम होईल. आज दहावीनंतर मुलगी शाळा सोडते, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते आणि तिची फाइल मागेच राहते.