शब्दविचार : स्पॅनिश ‘आया’

एका भगिनींनीं पृच्छा केली आहे कीं, त्यांची कन्या स्पॅनिश भाषा शिकते. तिच्या वहींत ‘आया’ या एकाच उच्चाराचा शब्द कोठें एच्-ए-वाय्-ए, तर कोठें एच्-ए-एल्-एल्-ए असा लिहिलेला आढळतो. यांपैकीं शुद्ध कोणता? दोन्ही शुद्ध आहेत. मात्र एकाच्या जागीं दुसरा लिहिला कीं अशुद्ध.

पहिलें रूप ‘आबेर्’ धातूचें. आरंभींचा एच् स्पॅनिशमध्यें लिहितात, उच्चारीत नाहींत. लॅटिन ‘हाबेरे’, म्हणजे जवळ असणें, याचा हा वंशज. ‘आय् आग्वा’ म्हणजे ‘पाणी आहे’. परंतु ‘पाणी असेल असें मला वाटत नाहीं’ म्हणावयाचें झाल्यास ‘नो क्रेओ के आया आग्वा’ असें म्हणावें लागतें. वस्तुस्थिति सांगावयाची नसून तिजविषयीं इच्छा, शंका किंवा अपेक्षा दर्शवावयाची असली म्हणजे क्रियापद हें रूप धारण करितें. ज्यांनीं बाळपणीं धातुरूपावली घोकली आहे, त्यांस ‘अस्ति’ आणि ‘स्यात्’ यांतील अंतर आठवलें म्हणजे पुरे. ‘एस्पेरो के आया येगादो’ म्हणजे ‘तो पोंचला असेल अशी आशा करितों’. ‘मी’ आणि ‘तो’ या दोन्ही कर्त्यांस रूप एकच. कारण लॅटिनमधील ‘हाबेआम्’ व ‘हाबेआत्’ यांचीं अन्त्य व्यंजनें झिजून गेलीं आणि भेद सांगणारें कांहीं उरलें नाहीं.

दुसरें रूप ‘आयार्’ धातूचें. अर्थ ‘सांपडणें, शोधून काढणें’. ‘आया’ म्हणजे ‘त्याला सांपडतें’. येथें शंकेला थारा नाहीं. या धातूचें मूळ लॅटिन ‘आफ्लारे’, फुंकर घालणें, असें कोशकार देतात. फुंकरीवरून हुंगणें, हुंगण्यावरून माग काढणें, आणि माग लागला म्हणजे शिकार सांपडणें, अशी ही अर्थाची पायवाट आहे. जुन्या स्पॅनिशमध्यें तेथें ‘फ’ होता. त्याचा ह झाला, आणि पुढें तोही मुका झाला.

बीच नांवाच्या वृक्षासही स्पॅनिशमध्यें ‘आया’च म्हणतात, त्याचें लेखन पहिल्या रूपाप्रमाणें. शिवाय आरंभींच्या एच्‌वांचून लिहिलेला ‘आया’ म्हणजे मुलें सांभाळणारी स्त्री. हा शब्द आपल्या घरांत कोणास परका वाटणार नाहीं. त्याचेंच पोर्तुगीज भावंड ‘आया’ पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानांत उतरलें आणि मराठींत कायमचें राहिलें.

मग हा घोंटाळा झाला कसा? दोन एल्‌चा उच्चार पूर्वीं ‘ल्य’सारखा होता. पॅराग्वे आणि अँडीज पर्वताच्या कांहीं प्रदेशांत तो अद्याप टिकून आहे. अन्यत्र बहुतेक ठिकाणीं तो ‘य’मध्यें विलीन झाला, जसा आपल्या बोलण्यांत ष हा श मध्यें झाला. ब्यूनोस आयर्स येथील लोक तर दोहोंचाही उच्चार ‘श’सारखा करितात, म्हणजे तेथें ‘पोंचला असेल अशी आशा’ या वाक्यांतील क्रियापद ‘आशा’ असेंच ऐकूं येतें! हा अर्थात् निव्वळ घुणाक्षरन्याय. व्युत्पत्तीचे मनोरे कोणी रचूं नयेत.

खेड्यांतील स्पॅनिश माणूस कित्येकदां ‘आया’च्या जागीं ‘आय्गा’ म्हणतो, व शिकलेले त्यास हंसतात. स्पेनमध्यें यादवी युद्धानंतरच्या काळांत (तें युद्ध १९३९ सालीं संपलें) अवाढव्य, दिखाऊ मोटारगाडीस ‘आय्गा’ हें नांवच पडलें. नवा पैसेवाला दुकानांत जाऊन ‘असेल ती सर्वांत मोठी द्या’ असें आपल्या गांवढळ व्याकरणांत सांगतो, अशी त्यामागील थट्टा. परंतु ‘काय्गा’ (पडो) आणि ‘त्राय्गा’ (आणो) हीं आज सर्वमान्य असलेलीं रूपें पूर्वीं ‘काया’, ‘त्राया’ अशींच होतीं. त्यांत ग शिरला आणि तो पंडितांनीं चालवून घेतला. ‘आय्गा’ त्याच वाटेनें आला. त्याचा अपराध इतकाच कीं, तो उंबऱ्याबाहेर राहिला. मीं आयुष्यभर मुलांचें शुद्धलेखन तपासलें आहे, आणि प्रमाण रूप सर्वांस शिकविलेंच पाहिजे असें माझें मत आहे. पण ज्यास तें शिकावयास मिळालें नाहीं त्याच्या बोलण्याची टर उडविणें यास मी विद्वत्ता म्हणत नाहीं.

१९९७ सालीं मेक्सिकोंतील साकातेकास येथें भरलेल्या स्पॅनिश भाषेच्या परिषदेंत गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनीं हे मुके एच् पुरून टाका, असें सुचविलें व मोठा गदारोळ उडाला. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, (मी ते अजून देतोंच, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेल,) आणि मराठी बुडाली नाहीं. तथापि एच् उडाला तर क्रियापद, झाड आणि मुलांची दाई एकाच पोषाखांत येतील, आणि वाय् व दोन एल् यांतील भेदही गेला तर ‘सांपडतें’ आणि ‘असेल’ यांत डोळ्यांनाही फरक दिसणार नाहीं. ऐकतांना संदर्भ साहाय्य करितो. लेखनानें तेवढी अधिक सोय ठेवली तर बिघडलें कोठें?

भगिनींच्या कन्येस एक सोपी कसोटी सांगतों. शंका येईल तेथें ‘एन्कुएन्त्रा’ (सांपडतें) हा शब्द घालून पाहावा. वाक्य अर्थपूर्ण राहिलें तर दोन एल्, न राहिलें तर वाय्. कोश पाहतांना मात्र त्याचें वर्ष पाहावें : १९९४ पर्यंत दोन एल् हें वर्णानुक्रमांत स्वतंत्र अक्षर असल्यानें जुन्या कोशांत ‘आयार्’ हा ‘आलो’ (खळें) या शब्दाच्या पुढें सांपडेल, नव्यांत मागें.