तीन तऱ्हेचा ज्ञानेश्वर आणि गायब झालेला ळ

मंडळी, आज जरा कडक लिहितोय. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

या पानावर येणाऱ्या आठवणी मी नेमाने वाचतो. इंदूरच्या वाड्यातलं गणपतीचं डेकोरेशन, ग्वाल्हेरच्या आजीचा स्वयंपाक, बेळगावची एस.टी., हैदराबादच्या मराठी शाळेतले मास्तर. मजकूर सोन्यासारखा असतो. आणि लिहिलेला असतो कसा? एकजण सरळ रोमनमध्ये लिहितो, ते वाचताना ओठ हलवावे लागतात. दुसरी ताई देवनागरीत लिहिते, पण तिच्या आजीने 'गुलाची पोली' केलेली असते आणि 'गल्यात माल' घातलेली असते. तिसरे काका वहीचं पान लिहून त्याचा फोटो टाकतात, जो दोन वर्षांनी शोधून सापडणार नाही. त्यांना विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "अहो, कॉम्प्युटरवर मराठी फार कटकटीचं आहे. कळलं ना तुम्हाला? मग झालं!"

नाही, झालं नाही. माझं भांडण या "मग झालं"शीच आहे.

कटकट खरी आहे, ती मी नाकारत नाही. मी बडोद्याचा. आमच्या घरात मराठी बोलतात, दुकानात गुजराती, टीव्हीवर हिंदी, ऑफिसात इंग्रजी. मग कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात भाषांची जी यादी उघडते तिची काय अवस्था असते बघा. इंग्रजी अमेरिकेचं. इंग्रजी ब्रिटनचं, कारण लंडनहून आलेल्या भाच्याने त्याच्या सोयीने ते टाकलं आणि परत गेला. (म्हणूनच ईमेलचा पत्ता लिहिताना अ‍ॅटच्या चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह उमटतं. कीबोर्ड बिघडलेला नसतो, ब्रिटनच्या रचनेत त्या दोन चिन्हांच्या जागा अदलाबदल आहेत. ते इंग्रजी यादीतून काढून टाका, दुरुस्तीवाल्याला बोलावू नका.) पुढे हिंदी ट्रॅडिशनल, हिंदी फोनेटिक, गुजराती, मराठी, मराठी फोनेटिक. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की हे सगळे एकामागून एक फिरत राहतात आणि आपण कुठे आहोत ते पहिलं अक्षर चुकीचं उमटेपर्यंत कळत नाही. कोणीही वैतागेल.

पण वैतागून आपण निवडतो काय? फोनेटिक. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग ठोकायचं आणि देवनागरी उमटायची वाट बघायची. सोपं वाटतं, कारण शिकावं लागत नाही. माझं म्हणणं आहे की आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत राहणाऱ्या घरांसाठी यापेक्षा वाईट निवड नाही.

साधा 'ज्ञ' घ्या. मराठी माणूस ज्ञानेश्वरांचं नाव इंग्रजीत लिहितो डी-एन-वाय करून, कारण आपण तसं बोलतो. हिंदीवाला लिहितो जी-वाय, कारण तो 'ग्यान' म्हणतो. गुजरातीत जी-एन, कारण इथे 'ग्नान' म्हणतात. अक्षर एकच, आणि बडोद्याच्या मराठी माणसाने त्याची तीन स्पेलिंगं ध्यानात ठेवायची, शिवाय समोरच्या प्रोग्रॅमला त्यातलं कोणतं पटतं ते आजमावायचं. हे सोपं कसं म्हणायचं? ट, ठ, ण, ळ यांचीही तीच गत. एका ठिकाणी मोठ्या लिपीतला एल दिला की ळ येतो, दुसऱ्या ठिकाणी ल च येतो आणि खालच्या यादीतून ळ वेचून घ्यावा लागतो. घाईत कोण वेचणार? म्हणून पोळीची पोली होते.

आता कोणी म्हणेल, हा हिंदीचा दोष. अजिबात नाही. इंदूर-ग्वाल्हेरची मंडळी हिंदीवर फार लवकर खापर फोडतात. रोजच्या हिंदीत ळ नसला तरी हिंदीच्या प्रमाण कीबोर्डवर तो आहे, ल च्याच कळीवर, शिफ्ट दाबून. आणि गुजरातीत तर ळ धडधडीत आहे! तरी परवा एका कचेरीत माझ्या पुतणीच्या कागदावर आमच्या आडनावातल्या ळ चा ल झाला, तोही गुजराती रकान्यात. खिडकीमागच्या मुलाने इंग्रजी स्पेलिंग भरलं आणि शेजारचा रकाना मशीनने आपोआप भरला. तो मुलगा स्वतः दिवसातून शंभर वेळा ळ उच्चारणारा. पण मधे रोमन आली आणि रोमनमध्ये ळ नाही. मी दाखवल्यावर म्हणाला, "चालशे, काका." दुरुस्तीसाठी तीन खेपा झाल्या. हिंदीने आमचं काही नेलं नाही आणि गुजरातीनेही नाही. मधला इंग्रजी दलाल काढा, अक्षर जागेवर येतं.

हिंदी छापील मजकुरात गाडगीळांचं गाडगिल, टिळकांचं तिलक, काळ्यांचं काले आणि फडक्यांच्या ड खाली टिंब, हे आपण पिढ्यान्पिढ्या बघत आलो. ती त्यांची रीत, त्यांच्या भाषेत ते तसं लिहिणार. पण आता आपलीच मुलं मराठीत लिहितानाही आपलं आडनाव तसं लिहायला लागली आहेत, त्याचं काय? ग्वाल्हेरच्या माझ्या मावसबहिणीचा नातू घरी तोंडाने ळ स्पष्ट म्हणतो, लिहिताना ल लिहितो. विचारलं तर म्हणतो, "मोबाईलमध्ये असंच येतं."

दुसरं एक अक्षर तर गुपचूप मरतंय. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. आचार्यांना दक्षिणा देतात, आचाऱ्यांना स्वयंपाकाचे पैसे. हा आडवा, पापणीसारखा र हिंदीत नाही, गुजरातीत नाही. तो आपलाच. फोनेटिकवाल्यांना तो कसा काढायचा हे ठाऊक नसतं, म्हणून सगळीकडे 'दुसर्या', 'वार्यावर', 'बर्याच' असं छापलं जातं आणि वाचणाऱ्याचे डोळेही त्याला सरावतात. सरावले की पुढची पिढी तेच शुद्ध मानणार.

मग करायचं काय? उत्तर गेली तीस-पस्तीस वर्षं आपल्यासमोर पडून आहे. त्याचं नाव इन्स्क्रिप्ट. भारतीय लिप्यांसाठी एकच समान रचना हवी म्हणून ती आपल्याच देशात तयार झाली आणि भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात, आयएस १३१९४ मध्ये, ती आहे. विंडोजमध्ये ती आधीपासूनच असते, विकत घ्यावी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. फक्त नावांनी घोळ केलाय. मराठीच्या यादीत ती नुसती 'मराठी' या नावाने बसते, हिंदीत तिलाच 'हिंदी ट्रॅडिशनल' म्हणतात. इन्स्क्रिप्ट हा शब्द तिथे शोधत बसलात तर सापडेलच असं नाही आणि तुम्ही 'फोनेटिक' या ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दावर टिचकी माराल. नेमकं तेच होतं.

रचना अशी: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. खालच्या ओळीत म, न, व डावीकडे सरकलेत, तेवढा अपवाद. साधी कळ दाबली की क, शिफ्टसह ख. तसंच ग-घ, च-छ, त-थ, प-फ. आपण बाराखडी शिकलो त्याच जोड्या. इंग्रजी डी च्या जागी पाय मोडायची खूण. दोन अक्षरांच्या मधे ती घातली की जोडाक्षर तयार. ळ हवा तर शिफ्ट आणि इंग्रजी एन. तो पापणीचा र हवा तर शिफ्ट आणि जे, मग पाय मोडा, मग य. 'विळी' लिहायची तर बी, एफ, शिफ्ट-एन, आर. चार अक्षरखुणा, चार ठोके. प्रोग्रॅमने अंदाज बांधायचा नाही, यादीतून वेचायचं नाही. इंग्रजी अक्षरांकडे मात्र बघू नका. क योगायोगाने के वर आहे म्हणून प पी वर शोधाल, तर तिथे ज भेटेल. कळांवर देवनागरीचे स्टिकर लावा, दोन आठवड्यांनी काढून टाका.

आणि आता आपल्या लोकांसाठी खरी गंमत. भाषा बदलून गुजराती केली की क त्याच कळीवर गुजराती क उमटतो. तेलुगू केली की तेलुगू क. ळ पण तिथेच, शिफ्ट-एन वर, कारण या सगळ्या भाषांत तो आहे. एकदा बोटांना सवय झाली की बडोदेकराला मराठी आणि गुजराती दोन्ही आल्या, हैदराबादकराला मराठी आणि तेलुगू. गोव्यात तर मराठी-कोकणी दोन्ही देवनागरीत, तिथे लिपी बदलायचाही प्रश्न नाही. बेळगावकर म्हणतील आमच्याकडे कन्नडला नुडीची रचना चालते. चालते, पण विंडोजमध्ये कन्नडचा इन्स्क्रिप्टही आहे. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टायपिंगला इन्स्क्रिप्ट चालतो, म्हणजे इंदूरच्या मुलाने मराठीसाठी घेतलेली मेहनत नोकरीलाही उपयोगी. पुण्याच्या माणसाला एका भाषेपुरता फायदा, आपल्याला दुप्पट. आणि वापरत कोण नाही? आपणच.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. कारभाराच्या शब्दांना मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांतले पर्याय शेजारीशेजारी मांडलेला कोश. हाताने खिळे जुळवून छापलेला. त्या गावातले आपण कोपऱ्यातली भाषा बदलायला कंटाळतो.

टायपिंग क्लास केलेल्या जुन्या मंडळींची हरकत मला मान्य आहे. टाईपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. इथे अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, भले ती दिसते अक्षराच्या आधी. चाळीस वर्षांची बोटं पटकन ऐकत नाहीत. त्यांनी आपल्या जुन्या रचनेवर लिहावं, फक्त ती युनिकोडची असावी. माझा रोख त्यांच्यावर नाही. माझा रोख पन्नाशीच्या आतल्यांवर आहे, जे नवा फोन घेतला की रात्री दोनपर्यंत त्याची सेटिंगं बघत बसतात आणि कीबोर्डचं नाव काढलं की "काका, कशाला त्रास घेता?" म्हणतात. मला रोज अर्धा तास धरून अठरा दिवस लागले, आणि मी निवृत्त आहे.

"बोलून टाईप होतं की आता!" होतं, पुण्याच्या मराठीचं. आमच्या बडोद्याच्या मराठीत मधेच गुजराती शब्द येतो, गल्लीचं नाव येतं, आजीचं माहेरचं नाव येतं, तिथे ते यंत्र काहीतरी तिसरंच छापतं. आणि आठवणींत मोलाचं असतं ते नेमकं तेवढंच. फोनवर लिहिणाऱ्यांशी मात्र माझं फार भांडण नाही, तिथे अक्षरं समोर दिसतात. फक्त हिंदीच्या कीबोर्डावर मराठी लिहू नका, मराठीचा वेगळा लावून घ्या. सूचनासुद्धा मराठी शब्दांच्या येतील.

हे सगळं एवढं ताणून का सांगतोय? आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत मोडीतले कागद आहेत. पणजोबांच्या हातचे. घरात एकालाही वाचता येत नाहीत. जमिनीचे आहेत, उसनवारीचे की नुसती पत्रं, ठाऊक नाही. तेव्हा लिपी बदलली त्यात आपला काही हात नव्हता. पण १९९८ च्या सुमाराला माझ्या चुलत्यांनी सबंध कुळाचा इतिहास कॉम्प्युटरवर लिहिला, त्या वेळच्या एका फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्याच क्रमांकावर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असायचं. चुलते गेले, ते मशीन भंगारात गेलं, सीडी राहिली. आज ती फाईल उघडली की नव्वद पानं कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मोडी शिकवणारे निदान वर्ग तरी आहेत.

हा कचरा पुन्हा मराठी करता येतो, फॉन्टचं नाव कळलं तर. तसे परिवर्तक मिळतात. आमच्या सीडीचं नाव चुलतबहिणीला एका जुन्या बिलावर सापडलं आणि एकतीस पानं आतापर्यंत सुटली, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करत. तेव्हा ज्यांच्या घरी अशी फाईल, फ्लॉपी किंवा सीडी आहे त्यांनी ज्याने ती टाईप केली तो माणूस हयात असेल तर त्याला आजच फोन करा आणि फॉन्टचं नाव विचारून घ्या. आणि पुढची आठवण इथे पाठवाल तेव्हा पोळीत ळ आहे ना, ते एकदा बघा.