घामाची बोटं

आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची एकनळी होती. भातात डुकरं शिरली की आजोबा बार काढायचे आणि त्याच रात्री नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवायचे, कारण काळ्या दारूची राख ओल ओढून घेते. एका जुलैत ते तापाने पडले होते म्हणून मी ती पुसली आणि तशीच घामट हाताने उचलून खुंटीला लावली. दोन दिवसांनी नळीवर माझी चार बोटं उमटलेली, तांबूस, रेघ न् रेघ दिसेल अशी. घासूनही तो डाग पुरता गेला नाही.

पिस्तुलाचा सांगाडा धातूचा बरा की पॉलिमरचा, हा प्रश्न निघाला की मला ती बोटं आठवतात. पिस्तूल हातात धरतात ते सांगाड्यालाच. घाम मुरतो तो तिथे, कमरेच्या ओल्या चामड्याला घासतो तोही तोच भाग. जयगड, पूर्णगड, नाटे अशा किनाऱ्यावरच्या ठिकाणी भर पावसात खाऱ्या वाऱ्यात गस्त घालणाऱ्या शिपायासाठी म्हणूनच मी नि:शंकपणे पॉलिमरच्या बाजूने आहे.

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ निवडलं, तेव्हा ‘प्लास्टिकचं पिस्तूल’ म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. त्याच्या आधी, १९७० मध्येच, जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने पॉलिमर सांगाड्याचं पिस्तूल बाजारात आणलं होतं. रिकामं ग्लॉक सुमारे ६२५ ग्रॅम भरतं, ब्राउनिंगच्या धर्तीचं जुनं पोलादी पिस्तूल ९०० ग्रॅमच्या आसपास. पाव किलो म्हणजे काय, ते बारा तास कमरेला वागवणाऱ्याला विचारावं.

आपल्याकडेही वाट तीच आहे. पुण्याची एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था आणि महूचं इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून केलेलं ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालं. त्याची कल्पना आणि बांधणी लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांची. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. मराठी नावाच्या अधिकाऱ्याचं हे काम, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

धातूचे गुण मात्र खरे आहेत. जड पिस्तूल गोळी सुटताना कमी उसळतं, नेम लवकर परत बसतो. पोलादी सांगाडा परवानाधारक कारागीर दुरुस्त करू शकतो. पॉलिमरला तडा गेला की सांगाडाच बदलावा लागतो. नेमबाजीच्या मैदानावर मी स्वतः धातूचंच उचलेन.

पण ‘पॉलिमरचं आहे, गंजत नाही’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. ग्लॉकची नळी पोलादी, स्लाइड पोलादी, आणि ती स्लाइड सरकते त्या पट्ट्याही पॉलिमरमध्ये बसवलेल्या पोलादाच्याच. नळी आणि स्लाइड यांचा पृष्ठभाग प्रक्रिया करून कडक केलेला असतो, तो गंजाला बराच काळ थोपवतो. चापाजवळच्या बारीक स्प्रिंगा आणि बहुतेक खिळ्याही पोलादाच्याच असतात, आणि मिठाचं पाणी तिथे झिरपलं तर बाहेरून काही कळत नाही.

तेव्हा किनाऱ्यावरच्या ठाण्यांना हलकी पिस्तुलं जरूर द्यावीत. त्यांच्याबरोबर तेलाची बाटली, सुती फडकं आणि गस्तीवरून परतल्यावर पिस्तूल उघडून पुसायला दहा मिनिटं, ही पाळीच्या वेळेतच धरलेली.